शाळा वाढल्या, शिक्षकाचे काय?
मुंबई इलाखा व बडोदे संस्थान यांतील शिक्षकविषयक धोरणांचा मागोवा

एखादे ग्रंथालय शंभर वर्षे टिकते, तेव्हा त्याचे श्रेय आपण संस्थापकांना, देणगीदारांना आणि निरलस कार्यकर्त्यांना देतो, आणि ते योग्यच आहे. परंतु ग्रंथालय टिकण्यासाठी आणखी एक गोष्ट लागते : पिढ्यान्‌पिढ्या नव्याने येत राहणारा वाचक. हा वाचक ग्रंथालयाच्या दारात येण्यापूर्वी कुठल्या तरी मराठी शाळेच्या बाकावर, बहुधा नगरपालिकेच्या किंवा सरकारी शाळेच्या बाकावर बसलेला असतो आणि अक्षरांशी त्याची पहिली ओळख एखाद्या अल्पवेतनी शिक्षकाने करून दिलेली असते. ग्रंथालयाच्या इतिहासात या शिक्षकाचे नाव सहसा येत नाही. शिक्षणाच्या इतिहासातही त्याची उपस्थिती बेताचीच आहे. किती शाळा निघाल्या, किती मुले दाखल झाली, किती खर्च झाला, याची कोष्टके आढळतात. शिक्षक कोठून आला, त्याला कोणी शिकविले, त्याचा संसार कसा चालला आणि त्याची बदली कोणाच्या मर्जीने झाली, हे प्रश्न मात्र तळटीपेत राहतात.

वस्तुतः शाळेचा दर्जा हा शिक्षकाच्या दर्जाहून वर जाऊ शकत नाही. शिक्षकाचा दर्जा ही केवळ व्यक्तिगत सद्‌गुणांची बाब नसून धोरणाची निष्पत्ती असते, हे मुंबई इलाख्याच्या आणि शेजारच्या बडोदे संस्थानाच्या इतिहासावरून चांगले ध्यानात येते. निवड, प्रशिक्षण, वेतन आणि स्थैर्य या चार गोष्टींवर शिक्षक उभा असतो. या चारही गोष्टींचा एकत्र विचार फार थोड्या वेळा झाला. एक पाय बळकट करावा आणि दुसरा कापावा, असेच बहुधा घडत गेले.

पंतोजी ते नॉर्मल क्लास

इंग्रजी अमलापूर्वी अक्षरज्ञानाचे काम पंतोजी करीत असे. देवळाची ओवरी किंवा एखाद्या सावकाराची ओसरी ही त्याची शाळा. मोडी अक्षर, उजळणी, पावकी-निमकी आणि व्यवहारी हिशेब हा त्याचा अभ्यासक्रम. आणि पालकांकडून मिळणारा शिधा व सणासुदीची दक्षिणा हे त्याचे वेतन. त्याच्या विद्येची परीक्षा कोणी घेत नसे. पण त्याचे पोट गावावर अवलंबून असल्यामुळे गावाची त्याच्यावर नजर असे.

१८२२ साली मुंबईत शाळा व शाळापुस्तके यांसाठी एक मंडळी स्थापन झाली. तिचे चिटणीस कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस आणि त्यांचे सहकारी सदाशिव काशिनाथ छत्रे यांच्या लवकरच ध्यानात आले, की पुस्तके छापली तरी ती शिकविणारा माणूस वेगळाच घडवावा लागेल. मंडळीने काही तरुणांना नव्या पद्धतीचे शिक्षण दिले आणि १८२६ मध्ये अशा चोवीस शिक्षकांना इलाख्यातील निरनिराळ्या ठिकाणी धाडले. नव्या सरकारी शाळांचा पाया या चोवीस जणांनी घातला. येथे क्रम लक्षात घेण्याजोगा आहे : आधी शिक्षक तयार झाला, मग शाळा उघडली. पुढील दीडशे-पावणेदोनशे वर्षांत हा क्रम इतक्या स्वच्छपणे क्वचितच पाळला गेला.

१८४५ मध्ये शिक्षक तयार करण्यासाठी मुंबईत नॉर्मल क्लास सुरू झाला आणि त्याची जबाबदारी बाळशास्त्री जांभेकरांकडे आली. पुढच्याच वर्षी बाळशास्त्री वारले. त्यांच्यानंतर हे काम दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी सांभाळले. एक ‘दर्पण’कार, मराठी वृत्तपत्रसृष्टीचा जनक, दुसरा मराठी व्याकरणाचा पहिला मोठा रचनाकार. पुढे पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात कृष्णशास्त्री चिपळूणकरांसारखा व्युत्पन्न पंडित प्राचार्य झाला. त्या काळातील सर्वश्रेष्ठ मराठी बुद्धी प्राथमिक शिक्षकांना शिकविण्यासाठी खर्ची पडत होती, ही गोष्ट आज आश्चर्याची वाटते. शिक्षकाचा शिक्षक कोण, यावर शिक्षकाची उंची ठरते. आणि ही उंची त्या पिढीने फार वर ठेवली होती.

याच संदर्भात ‘शालापत्रक’ या मासिकाचा उल्लेख केला पाहिजे. शाळाखात्याच्या आश्रयाने निघणारे हे मासिक शिक्षकांच्या हाती नियमाने पडावे, त्यातून त्यांना नवा मजकूर आणि नवे विचार मिळावेत, हा त्याचा उद्देश. कृष्णशास्त्री आणि त्यांचे पुत्र विष्णुशास्त्री यांनी ते संपादिले. विष्णुशास्त्र्यांची लेखणी सरकारी मर्यादेत मावणारी नव्हती, आणि १८७५ मध्ये ‘शालापत्रक’ बंद झाले. वाङ्मयाच्या इतिहासात ही घटना ‘निबंधमाले’च्या उदयाशी जोडून सांगितली जाते. शिक्षकाच्या बाजूने पाहिले तर तिचा अर्थ वेगळा आहे. परगावच्या शाळेत एकट्या पडलेल्या शिक्षकाला विचारविश्वाशी जोडणारा एक धागा तुटला.

१८८२ ची दोन निवेदने

१८५४ च्या वूडच्या खलित्याने प्रत्येक इलाख्यात शिक्षक-प्रशिक्षणाच्या शाळा काढाव्यात, उमेदवार शिक्षकांना विद्यावेतन द्यावे असे सांगितले होते. प्रत्यक्षात शाळांची संख्या जितकी वाढली तितके प्रशिक्षित शिक्षक निघाले नाहीत. व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा उतरलेला तरुण शिक्षकाची नोकरी धरी, तीही बहुधा दुसरी बरी नोकरी मिळेपर्यंत. अनुदानित शाळांसाठी १८६० च्या दशकात मुंबई इलाख्यात निकालावर अनुदान देण्याची पद्धत आली. तपासनिसाने परीक्षा घ्यायची, जितकी मुले उत्तीर्ण तितका पैसा. या पद्धतीचा हेतू हिशेबाचा चोखपणा हा असला, तरी तिने शिक्षकाला घोकंपट्टीचा कारभारी बनविले. परीक्षेत न येणारे ते शिकविणे हा तोट्याचा व्यवहार ठरला. विसाव्या शतकाच्या आरंभी, कर्झनच्या कारकिर्दीत, ही पद्धत मागे पडली. तोवर दोन पिढ्या तिच्यातून गेल्या होत्या.

१८८२ साली हंटर आयोगापुढे पुण्यातून दोन महत्त्वाच्या साक्षी झाल्या. जोतीराव फुले यांचे निवेदन बहुजनांच्या शिक्षणाची कैफियत म्हणून प्रसिद्ध आहे. पण त्यातील शिक्षकविषयक भाग स्वतंत्रपणे वाचण्याजोगा आहे. प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावा. तो शक्यतो शेतकरी वर्गातून यावा, म्हणजे लोकांत मोकळेपणाने मिसळेल, त्यांच्या गरजा ओळखेल आणि अंगमेहनतीच्या कामाला कमी लेखणार नाही. त्याचे वेतन दरमहा बारा रुपयांहून कमी नसावे आणि मोठ्या गावी ते पंधरा ते वीस रुपये असावे. असे त्यांचे म्हणणे होते. तुटपुंज्या पगारावर चांगला माणूस टिकत नाही आणि जो टिकतो त्याचे चित्त शाळेत नसते, हे त्यांनी स्वतः शाळा चालवून पाहिले होते. निवड, प्रशिक्षण, वेतन आणि समाजाशी नाते हे चारही मुद्दे त्यांनी एका सूत्रात गोवले.

दुसरी साक्ष पंडिता रमाबाईंची. मुलींच्या शाळा चालायच्या तर स्त्री-शिक्षिका हव्यात. त्यांना आधी उत्तम भाषाज्ञान व प्रशिक्षण द्यावे. त्यांची राहण्याची सोय शाळेजवळ असावी. आणि त्यांचे वेतन पुरुष शिक्षकांपेक्षाही अधिक असावे, असे त्यांनी सुचविले. समाजाचा विरोध पत्करून, घराबाहेर पडून काम करणाऱ्या स्त्रीचे ओझे त्या जाणून होत्या. निवासाची सोय हा शिक्षिकेच्या गुणवत्तेचाच एक भाग आहे, हे त्यांनी ओळखले होते.

आयोगाने प्राथमिक शिक्षण स्थानिक संस्थांकडे सोपविण्याची शिफारस केली, आणि शहर व ग्रामीण भागांचा निधी वेगळा ठेवावा असेही सांगितले. यामागे एक उघड अन्याय होता. शेतसाऱ्यावरील उपकर खेड्यांतून गोळा होई आणि त्याचा लाभ बऱ्याच अंशी शहरांतील शाळांना मिळे. शहरांनी आपल्या शिक्षकांचा खर्च आपण उचलावा, हे तत्त्व येथून पुढे आले.

नगरपालिकेची शाळा

१८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्याने प्राथमिक शाळा चालविणे व त्यांना साहाय्य करणे हे पालिकेचे बंधनकारक कर्तव्य ठरविले. गिरण्यांचे मुंबई शहर तेव्हा वाढत होते. कोकणातून, घाटावरून माणसे येत होती. पालिकेच्या शाळा या त्यांच्या मुलांच्या शाळा. भाड्याच्या इमारती, गर्दीचे वर्ग आणि सतत वस्ती बदलणारी मुले, अशा परिस्थितीत शिकविणे हे खेड्यातील एकशिक्षकी शाळेपेक्षा वेगळे कौशल्य होते. परंतु त्या कौशल्याचा वेगळा विचार झालेला दिसत नाही. प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम सर्वांना एकच.

सक्तीच्या शिक्षणाचा प्रश्न पुढे आला तेव्हा शिक्षकाचा प्रश्न वादाच्या केंद्रस्थानी आला. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९१० मध्ये ठराव आणि १९११ मध्ये विधेयक केंद्रीय विधिमंडळात मांडले. विरोधकांच्या आक्षेपांत पैशाच्या अडचणीबरोबर प्रशिक्षित शिक्षकांच्या अभावाचाही मुद्दा होता. गोखल्यांची भूमिका स्पष्ट होती : आधी निरक्षरता जावी, दर्जाचा प्रश्न त्यानंतरचा. १९ मार्च १९१२ रोजी विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. पुढे विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने १९१८ चा कायदा आला. मुंबई शहरासाठी १९२० मध्ये स्वतंत्र कायदा झाला आणि १९२५ मध्ये मुंबईच्या एफ व जी विभागांत सक्तीचे मोफत शिक्षण सुरू झाले.

गोखल्यांचा युक्तिवाद न्याय्य होता. शिक्षक नाहीत म्हणून गरिबांच्या मुलांनी थांबावे, हे म्हणणे बहुधा ज्यांची मुले शिकत होती त्यांचेच असे. पण ‘आधी संख्या, मग दर्जा’ हे सूत्र एकदा रूढ झाले म्हणजे ‘मग’ हा शब्द कधी संपत नाही. १९२९ मध्ये हारटोग समितीने गळती व साचलेपणाकडे बोट दाखवून उलट टोक गाठले : विस्तार आवरा, दर्जा सांभाळा. संख्या की दर्जा, या वादात दोन्ही बाजूंनी शिक्षकाकडे एक अडचण म्हणून पाहिले. तो या प्रश्नाचे उत्तर असू शकतो, हे फुल्यांचे सूत्र विसरले गेले.

बडोद्याचा मार्ग

गोखल्यांनी ज्याचा दाखला दिला ते बडोदे संस्थान या इतिहासात वेगळे उठून दिसते. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागातील दहा गावांत सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला. तेरा वर्षांच्या अनुभवानंतर १९०६ मध्ये ही सक्ती संस्थानभर लागू झाली. मुलांसाठी सात ते बारा आणि मुलींसाठी सात ते दहा ही वयोमर्यादा प्रारंभी होती. या निर्णयापूर्वीच बडोद्यात पुरुष शिक्षकांसाठी आणि स्त्री-शिक्षिकांसाठी प्रशिक्षण महाविद्यालये अस्तित्वात होती. दहा गावांत पाहून मग राज्यभर जाण्याचा हा धीमेपणा प्रशासकीय शहाणपणाचा नमुना होता.

तरीही बडोद्याची खरी देणगी सक्तीच्या कायद्याहून निराळी आहे. शाळा सोडलेले मूल काही वर्षांत अक्षर विसरते, हे ध्यानात घेऊन महाराजांनी ग्रंथालयांची योजना आखली. १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बोर्डन यांना पाचारण केले. राजधानीत मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले. त्याला सरकारी आणि संपतराव गायकवाड यांच्या संग्रहाचा आधार मिळाला. गावोगाव वाचनालये आणि पेट्यांतून हिंडणारी फिरती वाचनालये निघाली. खेड्यांत या वाचनालयाचे काम पुष्कळदा शाळेचा शिक्षकच पाही. १९१२ मध्ये निघालेले ‘लायब्ररी मिसेलनी’ हे नियतकालिक इंग्रजी, गुजराती व मराठी अशा तीन भाषांत मजकूर देई.

या योजनेचा एक परिणाम फारसा बोलला जात नाही. ज्या शिक्षकाच्या हाती ग्रंथपेटी येते, तो स्वतः वाचू लागतो. प्रशिक्षण एक-दोन वर्षांचे असते, नोकरी तीस वर्षांची. मधल्या काळात शिक्षकाला ताजे ठेवण्याचे पुस्तकाएवढे स्वस्त साधन नाही. ‘शालापत्रक’ बंद पडल्याने जे गमावले, त्याची काहीशी भरपाई बडोद्याने वेगळ्या वाटेने केली. अर्थात संस्थानातही सारे सुरळीत नव्हते. सक्तीमुळे पटावरील मुले एकदम वाढली, तेव्हा प्रशिक्षित शिक्षकांचा तुटवडा तेथेही जाणवला. परंतु शाळा, शिक्षक आणि वाचनालय ही एकाच धोरणाची तीन अंगे आहेत, ही दृष्टी ब्रिटिश मुलखात त्या काळी तरी आढळत नाही.

बदलीचा कागद

१९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळांचा कारभार लोकनियुक्त स्थानिक मंडळांकडे गेला. स्वराज्याच्या दिशेने ते योग्य पाऊल होते. पण नेमणूक, बढती आणि बदली यांचे अधिकार स्थानिक पुढाऱ्यांच्या हाती जाताच शिक्षकाची अवस्था चमत्कारिक झाली. निवडणुकीत कोणाचे काम केले, कोणाचे टाळले, यावर त्याची बदली ठरू लागली. गैरसोयीच्या गावी बदली हा एका कागदाचा मामला. पण तो कागद शिक्षकाच्या डोक्यावर टांगता राहिला म्हणजे त्याचे लक्ष फळ्याकडून मंडळाच्या कचेरीकडे वळते.

ही दुरवस्था पाहून बाळ गंगाधर खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात १९३८ मध्ये कायदा दुरुस्त झाला आणि शाळा मंडळाचा प्रशासन अधिकारी सरकारी नोकर झाला. १९४७ च्या कायद्याने ही घडी पुढे नेली. अधिकृत नगरपालिकांची शाळा मंडळे राहिली, पण शिक्षकनिवडीला नियम आले. लोकशाही नियंत्रण आणि शिक्षकाचे स्वातंत्र्य यांत तोल कसा साधावा, हा प्रश्न तेव्हा पुरता सुटला नाही. मात्र स्थैर्याशिवाय गुणवत्ता नाही, हे त्या कायद्यांनी मान्य केले, ही त्यांची जमेची बाजू होय.

स्वातंत्र्यानंतर

१९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने शिक्षणाच्या दर्जावर परिणाम करणाऱ्या घटकांत शिक्षकाला अग्रस्थान दिले, आणि प्राथमिक शिक्षक व वरच्या श्रेणीतील शिक्षक यांच्या वेतनातील दरी कमी करण्यास सांगितले. त्यानंतरच्या दशकांत वेतन सुधारले, ही मोठीच गोष्ट झाली. मुंबई महानगरपालिका आठ भाषांच्या माध्यमांतून शाळा चालवीत होती. कामगार वस्तीतील कित्येक कुटुंबांची पहिली साक्षर पिढी या शाळांनी घडविली.

पण एक पाय बळकट झाला तोच दुसरा लंगडा पडला. राज्यात अध्यापक विद्यालयांचे पेव फुटले. पदविका हाती असलेले तरुण लाखांनी आणि जागा थोड्या, अशी स्थिती झाली. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. महाराष्ट्रातील वादग्रस्त २९१ अध्यापक विद्यालयांपैकी केवळ ४४ मान्यतेस पात्र आहेत, असा त्याचा २०१२ मधील निष्कर्ष होता. ज्या कामासाठी एके काळी बाळशास्त्री आणि कृष्णशास्त्री झटले, ते काम दोन खोल्यांच्या भाड्याच्या जागेत येऊन ठेपले.

दरम्यान २००० मध्ये शिक्षण सेवक योजना आली. प्राथमिक शाळेत नव्याने लागणाऱ्या शिक्षकाने तीन वर्षे दरमहा तीन हजार रुपये मानधनावर काम करावे, मग नियमित व्हावे, अशी तिची रचना. हे मानधन पुढे वाढत २०२३ मध्ये सोळा हजारांवर आले. सरकारी तिजोरीची ओढाताण खोटी नव्हती. पण नव्या शिक्षकाला ज्या वर्षांत सर्वाधिक आधार हवा, त्याच वर्षांत त्याला सर्वांत कमी देण्याचे हे धोरण ठरले. फुल्यांच्या बारा रुपयांच्या मागणीमागील तर्क सव्वाशे वर्षांनंतरही तसाच उभा राहिला.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शिक्षकाची किमान पात्रता ठरविली. जनगणना, निवडणुका व आपत्तिनिवारण सोडून अन्य अशैक्षणिक कामे त्याला देऊ नयेत, असेही सांगितले. २०१३ पासून महाराष्ट्रात शिक्षक पात्रता परीक्षा सुरू झाली. वशिल्याऐवजी परीक्षा, हा बदल स्वागतार्ह होता. परंतु २०२१ मध्ये या परीक्षेतच गैरव्यवहार उघडकीस आला आणि चाळणीलाच भोके असल्याचे दिसले. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच वर्षांहून अधिक सेवा उरलेल्या कार्यरत शिक्षकांनाही दोन वर्षांत ही परीक्षा उत्तीर्ण होणे आवश्यक ठरविले. त्या निर्णयाने अनेक ज्येष्ठ शिक्षक अस्वस्थ झाले. त्यांच्या बाजूने एवढे म्हणता येईल, की वीस-पंचवीस वर्षे ज्यांच्या हाती एखादे चांगले पुस्तक वा गंभीर प्रशिक्षण कोणी दिले नाही, त्यांची गुणवत्ता एकदम एका परीक्षेने मोजणे हा निकालावर अनुदान देण्याच्या जुन्या पद्धतीचा दूरचा नातलग आहे. परीक्षा दारावरचा पहारा ठेवू शकते. घर बांधू शकत नाही.

उपसंहार

या इतिहासातून निघणारा बोध क्लिष्ट नाही. १८२६ मध्ये शाळेआधी शिक्षक तयार झाला, तेव्हा शाळा रुजली. शिक्षकांना शिकविण्यास समाजाने आपली उत्तम माणसे दिली, तेव्हा शिक्षक उंच झाला. फुले व रमाबाई यांनी वेतन, निवास आणि समाजाशी नाते यांना गुणवत्तेचे भाग मानले. ते धोरणकर्त्यांनी सोयीने बाजूला ठेवले. बदलीच्या धाकात शिक्षक भित्रा झाला, परीक्षेच्या धाकात घोकंपट्ट्या झाला. आणि पुस्तकाच्या संगतीत मात्र तो पुन्हा पुन्हा उभा राहिला.

महाराष्ट्राबाहेरच्या शहरांत मराठी शाळा आज कमी होत चालल्या आहेत. मुंबईतही महापालिकेच्या मराठी शाळांचा पट ओसरला आहे. पालक इंग्रजीकडे वळले हे एक कारण खरे. पण शाळेविषयीचा विश्वास हा अखेर तेथील शिक्षकाविषयीचा विश्वास असतो, आणि तो शासनाच्या एका परिपत्रकाने परत येत नाही. धोरण सरकारने करावे, वेतन सरकारने द्यावे. परंतु शिक्षकाच्या हाती ग्रंथपेटी देण्याचे काम बडोद्याने दाखविलेल्या वाटेने कोणत्याही ग्रंथालयाला आजही करता येण्याजोगे आहे. गावातील सार्वजनिक शाळांच्या शिक्षकांसाठी एक कपाट राखून ठेवणे, त्यांना विनामूल्य सभासदत्व देणे, महिन्यातून एकदा त्यांना आपसांत बोलण्यासाठी वाचनकक्षाची जागा देणे, याला फार मोठा निधी लागत नाही. शंभर वर्षे ज्या शिक्षकाने ग्रंथालयाला वाचक पुरविले, त्याच्या ऋणातून उतराई होण्याचा याहून सरळ मार्ग नाही.